न चिकटणारा कागद

११ जानेवारी २०२४, गुरुवार

नर्सनं हातावरची चिकटपट्टी काढली अन् पट्टीसोबत कातडी आली.

दोन दिवसांची पोरगी. सलाईनची सुई हलू नये म्हणून लावलेली बोटभर रुंद पट्टी. नर्सनं ओढली न्हाई, अगदी हळू काढली — मी समोरच उभा होतो. तरी मनगटापासून कोपरापर्यंत साल निघाल्यासारखं झालं. नर्स बिचारी रडायलाच लागली. "भाऊ, मी काहीच केलं न्हाई हो." खरंच केलं न्हाई तिनं काही.

मस्तगडला माझं रेडियम-स्टिकरचं दुकान हाय. बारा वर्षं झाली. चिकटवायचं अन् सोडवायचं, दुसरं काम न्हाई. असं कधी बघितलं न्हाई.

शाईवाल्यानं दिलेली ही डायरी गल्ल्याखाली कोरी पडून होती. कुणाशी बोलावं कळंना, म्हणून लिहून राह्यलो.

१२ जानेवारी

दोन्ही टाचांना फोड आले. कशानं? पाळण्यातल्या चादरीनं. चादरीनं!

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. पोरीला काखेत धरून उचलायचं न्हाई. उशीसकट उचलायचं. दैवशालाला पाजताना तिला छातीशी धरता येईना. उशी मांडीवर, पोरगी उशीवर, अन् ही वाकून वाकून पाजती. टाक्यांनी जीव जातोय, पण चकार शब्द काढत न्हाई.

शेजारच्या खाटेवरची बाई तिला म्हणली, "ग्रहणात काही चिरलं होतं का?" दैवशाला म्हणली, "चिरलं न्हाई. भाकरी थापल्या." अन् तोंड फिरवून घेतलं.

माय गावाहून आली, मंठ्याच्या गाडीनं. खोलीच्या दारातच थांबली. पोरीकडं एकदा बघितलं अन् भिंतीला टेकून खाली बसली. तिळगूळ हातातच. "वारा लागू देऊ नका," एवढंच म्हणली.

नाव ठेवलं — जान्हवी. दैवशालाच्या धाकट्या बहिणीनं, आकांक्षानं, फोनवर सुचवलं. बारसं न्हाई, घुगऱ्या न्हाई.

१९ जानेवारी, शुक्रवार

संभाजीनगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. भाड्याच्या गाडीत साठ किलोमीटर, ड्रायव्हरला म्हणलो, वीसच्या वर जाऊ नको. प्रत्येक खड्ड्याला दैवशाला डोळे मिटायची.

बाईंनी पोरीला हात लावला न्हाई. नुसतं बघितलं, भिंग धरून. मंग कागदावर दोन रेघा काढल्या, एकाखाली एक. म्हणल्या, "ही वरची कातडी, ही खालची. दोन्हींना धरून ठेवणारा एक धागा शरीर तयार करतं. हिचं शरीर तो तयार करत नाही. म्हणून जरा घासलं तरी वरचा थर सुटतो. याला ई.बी. म्हणतात. संसर्ग नाही, कुणाला होत नाही."

मी म्हणलो, "म्हणजे गोंद न्हाई."

बाई माझ्याकडं बघत राह्यल्या. "हो. गोंद नाही."

"गोंद देता येतो का?"

"अजून नाही."

मंग विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले?"

मी सांगितलं, दैवशाला माझ्या सख्ख्या मामाची पोरगी. वडीगोद्रीचे बद्रीमामा. बाईंनी लिहून घेतलं. तिघांचं रक्त घेतलं. तपासायला बाहेरगावी जाणार, तीन महिने लागणार.

२० जानेवारी

दुकान उघडलं. नंबरप्लेटीचं एक काम होतं. अक्षरं कापली, रेडियम सोलून लावलं, अन् हातात उरला मागचा कागद. रिलीज पेपर. दिवसाला शंभर वेळा हातातून जातो अन् टोपल्यात पडतो. आज टोपल्यात टाकताच आला न्हाई.

पांढरा, गुळगुळीत, एका अंगाला चमक. त्या अंगावर सिलिकॉनचा थर असतो — इतका पातळ की नखाला लागत न्हाई. कारखान्यात पसरून तापवून पक्का करतात. त्याच्यामुळंच गोंद कागदाला धरत न्हाई. स्टिकर वर्षभर त्याच्यावर बसतं अन् बोटानं सोललं की सगळा गोंद घेऊन निघतं. कागदावर काहीच राहत न्हाई.

अन् मला एकदम कळलं. माझ्या पोरीची कातडी तिच्या अंगावर तशी हाय — जसं स्टिकर या कागदावर. नुसतं ठेवल्यासारखं.

शटर अर्धं ओढून बसलो. लई वेळ.

२१ जानेवारी, रविवार

मंग उलटं सुचलं! तिच्या अंगाला सगळंच चिकटून राह्यलं — चादर, कापूस, गॉज. हा कागद कशालाच चिकटत न्हाई. मंग हाच तिच्या जखमेवर ठेवला तर?

दिवसभर तपासून राह्यलो. चमकत्या अंगावर सेलोटेप दाबली — उचलली तशी आली. पाण्याचा थेंब टाकला — मोती झाला, घरंगळला. बॉलपेनची रेघ पुसून गेली. कोमट गुळाचा पाक ओतला, थंड झाल्यावर पापडासारखा निघाला. कागदावर इस्त्री ठेवली — थर वितळला न्हाई, वास न्हाई. मिठाईवाल्याचा मेणकागद आणून त्याच्यावर इस्त्री ठेवली, तर मेण पाघळून टेबलाला लागलं. दोन्ही कागद दिसायला सारखे!

मागचं अंग मात्र साधं. तिथं टेप लावली तर कागदाचे केस उपटून आले. म्हणजे अंग बघून ठेवायला पाहिजे.

मंग माझ्याच दंडावर टेप लावून ओढली. केस गेले, लाल झालं, बस. पंचवीस वेळा ओढली. कातडी न्हाई आली. माझ्यात गोंद लई हाय.

२४ जानेवारी, बुधवार

नव्या रोलमधला स्वच्छ कागद घडी न पाडता नळीत घालून डॉक्टरीणबाईंकडं गेल्तो. वाटलं हसतील. हसल्या न्हाईत. कागद हातात घेतला, उन्हाकडं धरला, कडेवरून बोट फिरवलं.

"तुमचा विचार बरोबर आहे. कागद चुकीचा आहे."

मंग समजावून सांगितलं. कागदाची कड कापते. तो जंतुविरहित न्हाई. त्याच्यातून ओल बाहेर जात न्हाई, जखम आतल्या आत कुजंल. पण सिलिकॉन — ते बराबर हाय! सिलिकॉन लावलेली मऊ जाळी मिळते, भोकाभोकाची. जखमेला चिकटत न्हाई, भोकातून पाणी वरच्या गॉजमधे जातं. तीच लावायची, कायम.

"कायम म्हंजे?"

"जोवर ती आहे तोवर."

जाळी महाग हाय. ते जाऊ दे, ते बघून घेऊ. जाळीच्या पाठीला बघितलं तर तोच माझा कागद! बारीकसा, पारदर्शक, पण तोच. सोलायचा अन् टाकायचा. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

३० जानेवारी

पहिली पट्टी घरी बदलली. तीन तास. दैवशालाचे हात, माझी कात्री. पोरगी रडली — रडून रडून तोंडातसुद्धा फोड आला. रडण्यानं!

माय स्वयंपाकघरात भांडी घासून राह्यली. घासलेलीच पुन्हा घासत होती.

४ फेब्रुवारी, रविवार

तीन तासांतले दोन तास जाळी कापण्यातच जातात. हाताला वेगळी, टाचेला वेगळी, प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी — बोटं वेगळी गुंडाळली न्हाईत तर एकमेकांना जुडून जातात म्हणे. अन् आपण मोजत बसलो की ती उघडी पडून रडती.

मोजणं अन् कापणं तर माझं काम!

ती झोपली असताना उशीजवळ मोजपट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढले. संगणकावर घेतले, रेघ मारली. प्लॉटरवर, म्हंजे स्टिकर कापायच्या यंत्रावर, रिलीज पेपरचेच साचे कापले. डावा तळवा, उजवा तळवा, अंगठा, कोपर, गुडघा, टाच, मान. साच्यावर नंबर घातले. आता आदल्या दिवशी बसून साऱ्या जाळ्या कापायच्या, नंबरानं डब्यात ठेवायच्या. बाईंना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं — असं मी पहिल्यांदाच बघते आहे.

७ फेब्रुवारी

पट्ट्या — एक तास दहा मिनिटं! दैवशाला म्हणली, "अहो, आज माझ्याकडं बघत होती ती. रडता रडता थांबून बघत होती."

२६ फेब्रुवारी

हसली. पंख्याकडं बघून.

३ मार्च, रविवार

साचे छोटे पडले. तळव्याचा साचा पाच मिलिमीटरनं वाढवला. वाढून राह्यली पोरगी!

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. बद्रीमामा अन् मामी वडीगोद्रीहून आले, मोसंबीची अर्धी गोणी घेऊन. माझा धाकटा भाऊ अंगद अन् आकांक्षा — दोघांचं ठरलं. ठरलेलंच होतं म्हणा, लहानपणापासून सगळे तेच म्हणायचे. दोन भाऊ, दोन बहिणी. आज सुपारी फुटली. लग्न तुळशीनंतर.

अंगद माझ्याच दुकानात काम करतो. सव्वीस वर्षांचा घोडा, पण आज आकांक्षासमोर चहाचा कप धरता येईना त्याला. दैवशाला किती दिवसांनी हसली.

आकांक्षा जान्हवीच्या पाळण्याशी बसली. हात लावायचा न्हाई हे तिला ठाऊक. नुसती फुंकर घालत होती पायाच्या तळव्यावर. जान्हवी पाय उडवायची. पुन्हा फुंकर.

२४ एप्रिल, बुधवार

रक्ताचा रिपोर्ट आला. दैवशालामधे अर्धा दोष, माझ्यात अर्धा. आम्हाला काही होत न्हाई. दोन्ही अर्धे एका लेकरात आले की असं. चारात एकाला.

बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाचं लग्न नात्यात ठरलंय का?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "लग्नाआधी तुमच्या भावाचं रक्त तपासा. मुलीचंही. दोघांपैकी एकात जरी दोष नसला तरी काही भीती नाही. पण कळायला हवं."

येताना गाडीत दैवशाला काचेकडं तोंड करून म्हणली, "माझ्या बहिणीला हे नको. तुम्ही सांगा सगळ्यांना."

मी म्हणलो, सांगतो.

६ मे, सोमवार

निवडणुकीचं काम. पक्षांचे स्टिकर, हजारांनी. अंगद अन् मी सकाळपासून कापून राह्यलो. बाहेर बेचाळीस. पत्र्याखाली ठेवलेल्या रोलचा गोंद पाघळून घट्ट झाला, सोलायला गेलं की फाटतंय. सिलिकॉनसुद्धा उन्हात किती दम धरणार.

अंगदला सांगायचं होतं. तो गुणगुणत होता. न्हाई सांगितलं.

१८ मे, शनिवार

माय दुकानावर आली. एकटी, रिक्षानं. बारा वर्षांत दुकानाची पायरी चढली न्हाई कधी. अंगदला तिनं बाजारात पाठवलं अन् माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"तुझ्या आधी एक होता," म्हणली.

मला कळंना.

"पोरगा. नऊ दिवस जगला. असाच. हातात घेतला की साल हातात यायची. मी तुझ्या आजीला म्हणलं, दवाखान्यात न्या. ती म्हणली, नजर लागली, कुणाला सांगू नको. नवव्या दिवशी गेला. बांधाला पुरला. बारशाच्या आधीच गेला, म्हणून नाव बी न्हाई."

माझे वडील तिच्या आत्याचे पोरगे. आमच्यात तर असंच चालत आलं.

"मामाला ठाऊक हाय?"

"बद्री दहा वर्षांचा होता. त्याला काय ठाऊक. पोरगा गेला एवढंच गावाला ठाऊक, कसा गेला ते कुणालाच न्हाई. तुझा बाप बी कधी बोलला न्हाई मरेपर्यंत. तुलाच सांगून राह्यले." मंग माझा हात धरला. "भागवत, हे बाहेर काढू नको. पहिल्या लेकराला खाल्लं म्हणून मला काय काय ऐकावं लागलं हे तुला ठाऊक न्हाई. आता म्हातारपणी पुन्हा नको."

मी म्हणलो, न्हाई काढत.

दैवशालाला एक वचन, मायला दुसरं. दोन्ही कशी पाळू?

११ जून, मंगळवार

जान्हवीला ताप. मांडीवरची जखम हिरवट दिसून राह्यली. बाई म्हणल्या, लगेच आणा.

१३ जून

अतिदक्षता विभागात. सुईला पट्टी लावू नका म्हणून मी दारावर कागद चिकटवला — मोठ्या लाल अक्षरात, माझ्या हातानं कापलेल्या. सगळ्यांनी पाळलं. सुई सिलिकॉनच्या मऊ पट्टीनं धरली होती. कातडी निघाली न्हाई. एवढं तरी.

१६ जून, रविवार

डोळे उघडले दुपारी. दैवशालानं तळव्यावर फुंकर घातली. पाय हलला न्हाई.

१७ जून, सोमवार

गेली.

१९ जून

लिहून ठेवतो, न्हाईतर माझंच मला खरं वाटणार न्हाई.

बाईंनी यंत्र बंद केलं, सुया काढल्या, अन् बाहेर गेल्या. मी अन् दैवशाला दोघंच. दैवशालानं मला विचारलं, "आता दुखणार न्हाई ना तिला?" मी म्हणलो, न्हाई. मंग तिनं जान्हवीला उचललं — उशी न्हाई, काही न्हाई — काखेत हात घालून, जसं कुणी बी आपलं लेकरू उचलतं. छातीशी धरली. घट्ट. इतकी घट्ट की मी घाबरून पुढं झालो. सवयच ती. दैवशाला म्हणली, "राहू द्या हो. पाच महिने झाले."

अर्धा तास तशी बसली.

गावी नेली. माय बांधापर्यंत आली न्हाई. घरात बसून होती, भिंतीकडं तोंड करून.

९ जुलै

साचे काढून टाकले संगणकावरून. मंग संगणकातल्याच कचऱ्याच्या डब्यातून परत आणले.

१५ जुलै, सोमवार

उरलेल्या जाळ्या बाईंकडं देऊन आलो. परतूरकडचं एक लेकरू आलंय म्हणे, तीन आठवड्यांचं. त्याच्या बापाचा नंबर दिला त्यांनी. मी साचे पाठवून दिले. त्यानं विचारलं, "तुमचं बाळ कसं हाय?" मी फोन ठेवून दिला. मंग पुन्हा लावून सांगितलं.

११ ऑगस्ट, रविवार

मामीचा फोन. बस्ता कधी बांधायचा? आकांक्षाला कुठला रंग घ्यायचा? दैवशालानं "हो, हो" केलं अन् फोन ठेवून माझ्यासमोर उभी राह्यली.

"तुम्ही सांगितलं न्हाई."

"सांगतो."

"चार महिने सांगताय."

"मायनं शपथ घातल्यासारखं केलंय." अन् मंग मी तिला सारं सांगून टाकलं — नऊ दिवसांचा पोरगा, बांध, सारं.

ती खाली बसली. "आत्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं म्हणजे. दारातच." रागानं न्हाई म्हणली. अन् मंग — "त्या एकट्याच होत्या हो तेव्हा. त्यांना जाळी न्हाई, डॉक्टर न्हाई, काहीच न्हाई."

२९ ऑगस्ट, गुरुवार

अंगदला सांगितलं. दुकानातच, सकाळी सकाळी. तो हातातलं स्टिकर सोलत राह्यला, सोलून पुन्हा कागदावर लावत राह्यला.

"दादा, माझ्यात निघालं तर?"

"आकांक्षाचं बघू मंग. दोघांतही निघालं तर डॉक्टरांना विचारू, उपाय असतात. पण आधी कळू दे."

बारा वाजता रक्त देऊन आला. सहा आठवडे लागतील म्हणले.

२२ सप्टेंबर, रविवार

वडीगोद्री. दैवशाला, मी अन् माय. मायला मी सांगितलं होतं, फक्त रिपोर्टचं बोलणार, बाकी काढणार न्हाई.

मामानं ऐकून घेतलं. मोसंबी सोलत होते. मामी मधेच म्हणली, "पितृपक्षात असलं बोलणं!"

मी म्हणलो, "मामा, अंगदचं रक्त दिलंय. आकांक्षाचं बी द्या. रिपोर्ट येईपर्यंत तेवढं थांबा."

"माझ्या पोरीचं रक्त तपासायचं? माझ्या घरात खोट हाय म्हणता?"

"खोट न्हाई मामा. माझ्यात बी हाय, दैवशालात बी —"

"तुमच्या पोरीचं वाईट झालं. देवाच्या मनात होतं. ते धरून माझी दुसरी पोरगी नासवायची का? उद्या गावात झालं की बद्रीनाथच्या पोरींचं रक्त खराब, कोण करंल तिला?"

दैवशाला म्हणली, "आण्णा, माझ्याकडं बघा ना एकदा." मामानं बघितलं न्हाई.

"आमच्या सात पिढ्यांत असं झालं न्हाई," मामा म्हणले.

अन् माझ्या तोंडून निघून गेलं. "झालंय. माझ्या आधी. मायला विचारा."

सगळे मायकडं बघायला लागले. माय खाली बघत होती. पदर तोंडाला. मामा म्हणले, "उषाताई?" तिनं मान हलवली — हो म्हणून. मंग उठून बाहेर गाडीपाशी जाऊन उभी राह्यली, भर उन्हात.

मामा हात पुसत उठले. "म्हणजे दोष तुमच्या घरात हाय. ठाऊक असून माझी एक पोरगी नेली, आता दुसरी पाहिजे?"

"मामा, कुणालाच ठाऊक —"

"जावई हाय तुम्ही, म्हणून म्हणतो — चहा पिऊन जा."

चहा पिला न्हाई.

२३ सप्टेंबर

माय सकाळच्या गाडीनं गावी गेली. पिशवी मला धरू दिली न्हाई. "तुला एकट्याला सांगितलं होतं," एवढंच.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. मामाचा निरोप आला, तोही दुसऱ्याच्या हातानं. सुपारी परत.

अंगदनं ऐकलं अन् दुकानाच्या यंत्रांची पूजा करत बसला. हळद-कुंकू प्लॉटरला दोनदा लावलं.

१६ ऑक्टोबर

सहा आठवडे होऊन गेले. विचारलं तर म्हणले — नमुना खराब झाला, पुन्हा द्या. पुन्हा सहा आठवडे! अंगद म्हणला, "आता कशाला दादा?" मी म्हणलो, "दे. रिपोर्ट चांगला आला तर मी मामाच्या पाया पडतो." देऊन आला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

आकांक्षाचा फोन. हळू आवाजात, मोसंबीच्या बागेतून असावा, पाण्याचा आवाज येत होता.

"दाजी, बीडकडचं स्थळ आलंय. घाई करून राह्यले सगळे. मी म्हणलं रिपोर्टपर्यंत थांबा, पण इथं कुणी थांबंना. कधी येणार?"

"नोव्हेंबर संपता संपता."

"लग्न एकवीसला धरलंय."

मी म्हणलो, "मी पुन्हा बोलू का मामाशी?"

"नका. तुमचं नाव काढलं की आण्णा जेवत न्हाईत." थोडं थांबून म्हणली, "तुम्ही बराबर केलं, दाजी. मला राग न्हाई. अंगदला सांगा —" अन् कुणीतरी आलं असावं. फोन बंद झाला.

अंगदला काय सांगायचं ते ती बोललीच न्हाई. मी काहीच सांगितलं न्हाई.

१४ नोव्हेंबर

लॅबला पुन्हा फोन केला. दहा दिवस म्हणले. मामाला फोन लावला — उचलला न्हाई. मामीला लावला — "आता लेकराच्या सुखात माती कालवू नका."

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. दुकान बंद. अंगद तरी दुकानात जाऊन बसला होता, शटर ओढून. मी डबा घेऊन गेलो. उरलेल्या स्टिकरांचे गठ्ठे सोलून राह्यला होता, एकेक करून. स्टिकर एकीकडं, कागद एकीकडं. "रद्दीवाला हा कागद घेत न्हाई, दादा," म्हणला. "सिलिकॉन असतं म्हणून. लगदा होत न्हाई." मी म्हणलो, ठाऊक हाय. पुढं दोघं मिळून सोलत बसलो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आकांक्षाचं लग्न झालं. आम्हाला पत्रिका न्हाई. दैवशालानं सकाळी न्हाऊन नवी साडी नेसली, बहिणीच्या लग्नाला नेसायला घेतलेली. दिवसभर ती नेसून घरातलं काम करत होती. संध्याकाळी बदलली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

अंगदचा रिपोर्ट आला. त्यानंच उघडला, वाचला, अन् माझ्या हातात दिला.

दोष न्हाई. अर्धासुद्धा न्हाई. आकांक्षात असता-नसता, त्यांचं एकही लेकरू असं झालं नसतं.